‘ण’चा धडा

श्रीवर्धनजवळून,
१२ डिसेंबर १९५६

तीर्थरूप आईस,
दिनकरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

अक्षर वाकडं दिसेल, डाव्या हातानं लिहितोय. उजव्याला थोडं लागलं होतं, आता बरं आहे. बापूंचा खोकला कसा आहे? त्यांना हे पत्र दाखवू नकोस.

दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. वर्गात गोष्ट वाचण्याआधी मी नवे शब्द फळ्यावर लिहितो. त्या दिवशी पहिला शब्द होता ‘खूण’. इथली कोळ्यांची पोरं ‘ण’ला ‘न’च म्हणतात, पाण्याला पानी. हे ठाऊक असूनही मी विचारलं, “खूण कोणी पाहिली आहे?”

आठ वर्षांची मैना उठली. “मी पायलाय खून, गुरजी. काकानं बाबाला कोयत्यानं तोडला न् दर्यात टाकला.”

तिचा बाप बुडाला, असंच सारा गाव समजत होता.

पोरांकडून कळलं असावं; मधल्या सुट्टीत तिचा काका आला, कोयता घेऊनच. मैनाचे केस धरून त्यानं तिला ओढलं. कोयता उचलला तेव्हा मी हात मध्ये घातला. हाड दिसलं. मग डाव्या हातानं पाटी उचलून त्याच्या तोंडावर हाणली, आणि तो पडला तरी हाणतच राहिलो. धावत आलेल्या कोळणींनी मला मागं ओढलं. तुझा मुलगा असा आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्याला पोलिसांनी नेलं. माझी बोटं अजून मिटत नाहीत. मिटतील.

काल टाके काढले. मैनानं हातावरच्या व्रणावरून बोट फिरवलं आणि जीभ नीट वळवून म्हणाली, “खूण.”

तुझा,
दिनकर