रिकामी फिरणारी चक्की

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चक्कीविषयी काही विचारायचं झालं की मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही. मागच्या आठवड्यात तुमची नात, म्हणजे माझी लेक, मला मराठवाड्यातली एक जुनी पाणचक्की दाखवायला घेऊन गेली. जुने कारखाने, जुन्या गिरण्या नीटनेटक्या करून लोकांना दाखवायच्या, हे तिचं काम. याचा पगार मिळतो हे तुम्हाला पटलं नसतं. मलाही कधी पटतं, कधी नाही. तिथे वरून पाणी पडतं, खाली पाती फिरतात आणि वरच्या खोलीत दगड फिरतो. मोटर नाही, पट्टा नाही, विजेचं बिल नाही. लोक कौतुकाने फोटो काढत होते आणि मी दगडाकडेच पाहत होते, कारण चक्की रिकामी फिरत होती.

मला तर आपली पिठाची चक्की दिसत होती: गांधीबागेमागच्या आपल्या गल्लीत तुम्ही समोरच्या टपरीवर चहा पिता आहात, चक्कीचा आवाज जरासा बदलतो आणि तुम्ही अर्धा कप तसाच ठेवून धावत येता. "खाली नको चालू देऊ वं, दगड दगडाले खाते," असं म्हणत पुढचा डबा ओतता. तोही कुठलाही नाही. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. शेजारच्या काकू आपल्या डब्यावर हात ठेवूनच बसायच्या. "माह्या गव्हाआंधी ज्वारी टाकशीन तं पाह्य गा भाऊ," अशी तंबी देऊन वर तुमच्याच नावावर टपरीवरचा चहा मागवायच्या. हे सगळं अंगात इतकं मुरलेलं की त्या पाणचक्कीपाशी मी काही विचारच केला नाही. नातीच्या हातातल्या पुडीतले मूठभर फुटाणे घेतले आणि दगडाच्या तोंडात टाकून दिले. बेसनावर आता पुढचं दळण कोणाचं लागेल, हेही मनात येऊन गेलं.

"ओ मावशी, काय टाकलं त्यात?" तिथला राखणदार ओरडला. तेवढ्यात फुटाणे दुसऱ्या बाजूने बाहेर आले, सालासकट, अख्खेच्या अख्खे. मग त्याने समजावलं की वरचा दगड उचलून ठेवलाय, खालच्याला टेकतच नाही, नुसता फिरताना दिसतो. म्हणजे दगडांना काही धोका नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला राग आला, आणि तो कोणावर हे मला अजून कळलेलं नाही. न दळणारी चक्की चक्की असते का? पण मग ती बंद पडून त्यात पारवे राहिले असते तर ते मला जास्त आवडलं असतं का? तेही नाही.

परतताना नातीने खरी गोष्ट काढली. आपल्या चक्कीच्या दुकानाच्या पुढच्या भागात आता ब्लाऊजपीस विकतात, पण तुमची चक्की मागच्या खोलीत तशीच आहे. ती नातीला तिच्या नव्या दालनात ठेवायची आहे. "अशीच हळूहळू फिरत राहील, आई. वर दिवे लावू. लोक पाहून राहिले आहेत ना अशा गोष्टी." मी म्हणाले, नेशील तर दळेल अशी ने, नाहीतर राहू दे. ती म्हणाली, "पण दगड बसवून देईल कोण? असा कारागीर आता भेटतो का?" आणि मी म्हणून गेले, मी बसवते.

बाबा, बाजूच्या त्या लहान लोखंडी चाकाने तुम्ही दगड खालीवर करायचात. इतकंसं फिरवलं की पीठ जाड, इतकंसं की बारीक, आणि चुकलं की दगड दगडावर. मी एकदा हात नेला तर तुम्ही झटकलात. "त्याले नको लावू हात. तू आपल्या शाळेचं पाह्य." पण दगड जास्त टेकला की पीठ तापतं, म्हणून ते मात्र रोज माझ्याच चिमटीत द्यायचात आणि विचारायचात, "गरम तं नाही ना वं?" मी सांगेन तेच खरं मानायचात. हे मला कधीच उलगडलं नाही. मुलगी म्हणून हात झटकलात, की ही चक्कीपाशीच अडकेल या भीतीने? पिठाच्या बाबतीत विश्वास होता तर चाकाच्या बाबतीत काहून नव्हता? कधी तुमचा फार राग येतो आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं की त्या झटकण्यामुळेच मी शिकले, नोकरीला लागले. दोन्ही खरं असेल तर मी कोणतं धरून बसू?

परवा तिचे लोक चक्की न्यायला येणार आहेत. काल एकटीच मागच्या खोलीत गेले, त्या चाकावर हात ठेवला आणि काढून घेतला. चुकले तर तुमचे दगड जातील, आणि नाही म्हणाले तर ते जन्मभर दिव्याखाली नुसते फिरत राहतील. हे लिहून होईल आणि माझ्यापाशीच राहील, हे मला माहीत आहे. नात मात्र ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटली आहे की आईला चक्कीतलं सगळं येतं. तिला मी अजून सांगितलेलं नाही, बाबा, की मला फक्त पीठ ओळखता येतं.