ताऱ्यांचे कल्ले

प्रिय समीक्षा,

तीन रविवार फोन नाही. आजीचा नंबर ताऱ्यांत हरवला का गं?

तुझं यंत्र उजेडातल्या काळ्या रेघा पाहून ताऱ्याची धग, वय सांगतं म्हणालीस. आधी तू त्याला हजारो ओळखीचे तारे दाखवलेस, मग ते नवे आपणच ओळखू लागलं! अंगावर काटा आला. कळव्याच्या बाजारात आईच्या पाटीशेजारी बसून, कल्ले लाल आहेत का पाहून ताजी मासळी ओळखायला मीही अशीच शिकले. पण एवढ्या लांबची आग ओळखायची म्हणजे!

मैत्रिणींसमोर मला अडाणी म्हणालीस, ते लागलं होतं.

शेजारची लिओना हे लिहितेय. पोस्टात टाकणार नाही, उशीखाली ठेवेन. तूच येऊन वाचून दाखव.

तुझी अडाणी आजी,
गंगुबाई

ता.क. पुढच्या खेपेला अंजिरं आण, मऊ. दाबून निवड, शिकवलंय मी तुला.