चुम्मारची शेपटी

कुन्नंकुळम,
१२ जानेवारी

प्रिय वेलायुधन मास्तर,

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. त्रेस्याचे गुडघे दुखतात. छापखान्याचं छत गळत नाही, कारण पाऊस नाही. तुम्ही पट्टांबीला राहायला गेल्यापासून माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही, तेवढं सोडलं तर खरंच ठीक.

तुमची लेक श्रीलेखा परवा घरभरणीची पत्रिका छापायला आली होती. म्हणाली, "अच्छनचा कॉम्प्युटर चालू होईपर्यंत त्यांची अंघोळ आटोपते. आता नवा घ्यायचा म्हणतात." मी म्हटलं, "त्यांना सांग, खबरदार!" तुम्ही मला काही विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. म्हणून न विचारता सांगतो.

नवा घेऊ नका. वीज बंद करून बाजूचं झाकण काढा आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडा. मग चालू करा आणि कान लावा. पंखा कण्हत असेल तर म्हातारपण, चालायचंच. पण हार्ड डिस्क खडखडत असेल, तर दुसरं काही करण्याआधी फायलींची नक्कल करा. एक नक्कल घरात, एक लेकीकडे. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन नकला म्हणजे एकच नक्कल, हे कपाटाला वाळवी लागलेल्या बाइंडिंगवाल्याला विचारा. मग डिस्क बदला, बिनआवाजाची घाला, आणि त्यावर कुणालाही उघडून बदलता येणारी आपली मुक्त प्रणाली चढवा. अंघोळीला जायला सवड मिळणार नाही.

इथले लोक अजून मला फुकटवाला म्हणतात. फुकट आणि मुक्त यांतला फरक सांगून मी थकलो. आता एवढंच सांगतो, की डिंकाने चिकटवलेलं पुस्तक उघडायला गेलात तर फाटतं. शिवलेलं उसवता येतं, हरवलेलं पान घालता येतं, पुन्हा शिवता येतं. मी कागदाच्या घड्या घालायच्या कामापासून वर आलोय, मला दुसरी उपमा येत नाही. ज्याची शिवण मला उसवता येत नाही ते माझं नव्हे.

आणखी एक. अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबत राहा. मी हल्ली दुकानाच्या पाटीएवढं करतो. आणि कॉम्प्युटरला मोठ्याने वाचायला लावता येतं, हे माहीत आहे ना? त्यालाही पैसे पडत नाहीत. मी सहज, गंमत म्हणून लावून बघितलं.

गंमत म्हणून नव्हे, मास्तर. पण आधी नाताळातलं सांगतो.

चर्चच्या सणाची पत्रिका मी छापली. खजिनदार इट्टूप गठ्ठा घेऊन परत आला. "चुम्मारचेट्टा, देणगीदारांच्या नावांच्या शेवटी या खिडक्या कशाला? संत डोकावून बघणार आहेत का?"

"कसल्या खिडक्या?"

"या काय! आणि खिडक्या केल्यास त्या केल्यास, चिल्लु बसवायला विसरलास!"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. मला एकही खिडकी दिसत नव्हती.

श्रीलेखा तुम्हाला पत्र वाचून दाखवणार असेल तर तिच्यासाठी सांगतो. चिल्लु म्हणजे काच, हे तिला ठाऊक आहेच. पण आपल्या मलयाळम लिपीत नावाच्या शेवटी स्वर नसलेलं, वर शेपटी वळवलेलं अक्षर येतं, तेही चिल्लुच. मुली, तुझे वडील आणि मी त्या शेपटीवरून बोलेनासे झालो. ते म्हणायचे, कॉम्प्युटरमध्ये त्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक हवा. मी म्हणायचो, नको. मूळ अक्षर, वर चंद्रकोर आणि मागे न दिसणारा सांधा, एवढ्यावर शेपटी येतेच. कागदावर दोन्ही अगदी सारखी. मग दिसतं ते अक्षर, बाकीचा हिशेब कशाला? भर वाचनालयात तुझे वडील म्हणाले, "चुम्मार, तुला दिसतं तेवढंच खरं वाटतं." त्यानंतर माझ्या आईच्या मयतीलासुद्धा आले ते फक्त त्रेस्याशी बोलून गेले.

त्या खिडक्या अशा झाल्या. नव्या मशीनवर टाइप केलं की आपोआप तुमचं, वेगळ्या क्रमांकाचं चिल्लु उमटतं. शिशाच्या खिळ्यांवरून मी स्वतः काढलेला माझा फाँट ते ओळखत नाही. तिथे रिकामा चौकोन येतो. पूर्वी तो मला दुरून दिसला असता.

त्रेस्या म्हणाली, "अहो माणसा, डोळे दाखवा. तुम्ही काल कढीत मीठ म्हणून साखर घातलीत." डॉक्टरीणबाईंनी दिवा मारून बघितलं आणि म्हणाल्या, "चष्म्याचं चिल्लु बदलून उपयोग नाही." मी विचारलं, "कुठलं? जुनं की नवं?" त्यांना वाटलं म्हातारा बहिराही आहे. मग ओरडून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध डाग आहे, तो वाढत जाणार. कडेचं दिसत राहील. बघावं तेच दिसणार नाही.

बघा, आता इथेच माझा गोंधळ आहे. तो डोळ्यांचा नाही, त्याचं काय ते मी बघून घेईन. म्हणजे बघणार नाही. असो.

वाचणारा आवाज मी लावला. माझ्या सगळ्या जुन्या फायली माझ्या चिल्लूत आहेत. तो आवाज त्या शेपट्या गिळतो! पहिल्याच पानावर मालकाचं नाव वाचलं: "चुम्मा." मास्तर, शेपटी गेली की मी काय उरतो बघा. चुम्मा. म्हणजे आपल्या भाषेत उगाच. कशासाठीही नाही. आमचा बिहारी बाइंडर रामप्रवेश तर पोट धरून हसला, त्याच्याकडे त्या शब्दाचा अर्थ भलताच. मग मी तुमच्या चिल्लूने नाव टाइप केलं. आवाज स्पष्ट म्हणाला, "चुम्मार." पुन्हा लावलं. "चुम्मार." छापून बघितलं, तर इट्टूपची खिडकी.

म्हणजे कागदावर हवा असेन तर जुनं, कानाला हवा असेन तर नवं. मग बरोबर कोण होतं? मी अजून म्हणतो की मीच. तुमच्या क्रमांकाची गरज नव्हती, आवाज शिकवणारे आळशी निघाले. पण हे मी कुणाला म्हणतोय? आवाज ऐकत नाही. आणि दिसतं ते अक्षर म्हणावं, तर दिसत कुठाय? तीन वेळा तर्क लावला, तिन्ही वेळा निघालो तिथेच पोचलो.

उन्हाळ्यात शाळांच्या वह्यांचं काम येतं. मुखपृष्ठावर शाळांची नावं असतात. तोवर कानाने मुद्रितं तपासायला शिकलो, तर छापखाना माझा राहतो. नाहीतर इट्टूपचा पुतण्या गिऱ्हाईक म्हणून तयार आहे. जागा हवीय त्याला, यंत्रं नकोत.

माझा फाँट शिवलेला आहे, मास्तर, चिकटवलेला नाही. कुणीही उसवावा अशी परवानगी मीच त्याच्यात लिहून ठेवलीय. त्यात तुमचं अक्षर बसवायचं तर शेपटीचं वळण डोळ्याने जुळवावं लागतं. ते माझ्याने होत नाही. त्रेस्या म्हणाली, "मग त्यांना बोलवा की!" मी म्हटलं, "मी फक्त कॉम्प्युटरच्या धुळीबद्दल लिहितोय."

पेनड्राइव्ह श्रीलेखाकडे दिलाय. हे पत्र आणि फाँट, दोन्ही त्यात आहेत. मंगळवारी आमच्याकडे वीज जात नाही. केळ्याची पळंपोरी त्रेस्या तळेल, साखर ती घालेल.

खाली नाव टाइप केलंय. कुठल्या चिल्लूने, ते तुम्हीच उघडून बघा. तुम्हाला हसू आलं तर येऊ द्या, पण इथे येऊन हसा.

तुमच्याशी अजूनही असहमत,
चुम्मार