ठिपक्यांत उतरवलेले आजोबा

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
लॅपटॉप आला. तारीख मुद्दाम लिहून ठेवतो आहे. तुमच्या आयुष्याला वळण कधी मिळालं, असं पुढे कोणी विचारलं तर उत्तर तयार असावं.

सेकंडहँड आहे. ऑनलाइन घेतला. जाहिरातीत विक्रेत्याने 'उत्कृष्ट स्थितीत' असं लिहिलं होतं. 'उत्कृष्ट' हा शब्द दहांतले आठ लोक चुकवतात. याने अचूक लिहिला होता. असा माणूस फसवत नाही.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला होता, घेण्याआधी एकदा मला दाखव. मी त्याला सांगितलं, की माझा एकवीस दिवसांचा अभ्यास झाला आहे, तुलाच पुढे काही अडलं तर विचार.

संकल्प: आजोबा २६ तारखेला आत्याकडे राहायला जाणार. तिच्या घराजवळ डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल आहे. नंतर ते इथे परत येतील असं कोणी म्हणत नाही. त्याआधी त्यांची सगळी हकिकत त्यांच्या तोंडून टाइप करून घ्यायची, छापायची, पुठ्ठ्यात बांधून हातात द्यायची. आजोबा चाळीस वर्षं तारमास्तर होते. यंत्राचं कडकट्ट ऐकायचं आणि त्याची अक्षरं करायची, हे त्यांचं काम. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

आई म्हणाली, वहीत लिही की, तुझं अक्षर किती छान आहे. मी म्हणालो, वह्यांना वाळवी लागते.

दुपारी १.३०
लॅपटॉप चालू केला. पासवर्ड मागतो आहे. एका मांजराचा फोटो आणि त्याखाली रिकामी चौकट. विक्रेत्याला मेसेज केला. किरकोळ बाब.

४ फेब्रुवारी
विक्रेत्याचं उत्तर आलं: १२३४ टाका. टाकला. नाही. पासवर्ड चुकला की खाली एक खूण दिसते, ती मूळ मालकाने स्वतःला आठवावं म्हणून लिहिलेली असते. लिहिलं आहे: 'नेहमीचाच'. म्हणजे अवघड नसणार.

५ फेब्रुवारी
दुकानात दिवसभर शिक्के. 'सत्यप्रत' चौदा नग, 'रद्द' नऊ नग. रबरावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. मालक म्हणाले, उलटं वाचण्यात तू पटाईत आहेस, सुलट्याचं काय करायचं ते बघ. ते माझ्या दहावीबद्दल बोलत होते. मी लॅपटॉपचं सांगितलं. त्यांनी पुढचा शिक्का माझ्याकडे सरकवला.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.००
पाच वाजता आजोबांनी स्वतः खुर्ची ओढत आणली. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, साहेब, आम्ही हजर आहोत, करायची का सुरुवात. आईने मिक्सर बंद केला. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. अशा वेळी लॅपटॉप उघडतच नाही असं सांगणं म्हणजे आजोबांचा अपमान झाला असता.

म्हणून मी टाइप करायला लागलो. पासवर्डच्या चौकटीत.

तिथे अक्षरं दिसत नाहीत, काळे ठिपके दिसतात. तरी मी एकेक शब्द प्रामाणिकपणे टाइप केला. चौकट भरली की सगळं पुसायचं आणि पुढे चालू. काकू दारातून म्हणाल्या, बोटं बघा कशी पळतात पोराची.

यात फसवणूक नाही. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. लॅपटॉप उघडला की बसायचं आणि एका दमात सगळं उतरवायचं. फक्त रोज इथे मुद्दे लिहून ठेवायचे.

मुद्दे: जन्म. विहीर. शाळा.

९ फेब्रुवारी
विक्रेता कळवतो, की लॅपटॉप मुळात त्याच्या मेहुण्याचा. मेहुणा बाहेरगावी आहे, आल्यावर विचारून सांगतो. सज्जन माणूस. प्रोफाइलच्या फोटोत त्याच्या मागे पुस्तकांचं कपाट दिसतं.

दरम्यान मी स्वतः प्रयत्न केले. मांजर, मनी, मनीमाऊ, माऊ१, माऊ१२. मशीनने सांगितलं, एक तास थांबा. नेमकं तेव्हाच आजोबा येऊन बसले. चौकटही गायब झालेली. त्यांचं लग्न नुसत्या मांजराच्या फोटोवर टाइप झालं.

मुद्दे: लग्न.

११ फेब्रुवारी
एक सुधारणा. काही साठवलं जातच नाही, तर खरे शब्द टाइप करून बोटं का दमवायची. आजपासून कुठलीही बटणं. आवाज तोच येतो. शिवाय मन मोकळं राहतं आणि पासवर्डचा विचार करता येतो.

चार्जर गरम होतो. त्याची वायर मधोमध चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे. हे जाहिरातीच्या फोटोत नव्हतं. विक्रेत्याला मेसेज करून विचारलं, सौम्य शब्दांत.

मुद्दे: पूर. खुर्ची.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४५
आज आजोबा फार हळू बोलत होते. मला जरा वाकून ऐकावं लागलं असतं, पण त्याच वेळी मांडीवरच्या फोनवर विक्रेत्याचा मेसेज येत होता. 'टाइप करत आहे' असं दिसायचं, बंद व्हायचं, पुन्हा दिसायचं. मी नजर हलवली नाही.

मध्येच आजोबा थांबले. बराच वेळ. मी मात्र थांबलो नाही, थांबलो असतो तर त्यांना संशय आला असता. मग त्यांनी पाणी मागितलं. आईने आणून दिलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, झालं टाइप.

विक्रेत्याचा मेसेज अखेर आला. चार्जर तसाच असतो म्हणे.

मुद्दे: एक तार. महत्त्वाचं.

१७ फेब्रुवारी
विक्रेत्याचा फोटो गेला. पुस्तकांचं कपाटही गेलं. मेसेज पोचत नाहीत. फोन बदलला असणार. नव्या फोनमध्ये नंबर भरायला दोन-तीन दिवस लागतातच.

१९ फेब्रुवारी
आईने विचारलं, किती पानं झाली. मी नव्वद म्हणालो. आईने ते आत्याला कळवलं. आत्याला पाच प्रती हव्या आहेत. तिच्या घरी आजोबा आले की ती चार माणसं बोलावणार आहे आणि मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

जेवणाच्या सुट्टीत दुकानात एक शिक्का करून घेतला: 'प्रथम आवृत्ती'. अक्षरं फार सुबक आली. मालकांनी विचारलं, कशाची. मी म्हणालो, घरचंच काम.

२२ फेब्रुवारी
काल रात्री केलेल्या संकल्पाप्रमाणे दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक गेल्यावर तो डबा खायला बसला. जेवणाऱ्या माणसाला कामाचं सांगू नये. त्याने हात वर करून विचारलं, काय रे, कसा काय चालतो तुझा लॅपटॉप. मी म्हणालो, फर्स्ट क्लास. परत येताना लॅपटॉपसाठी बॅग घेतली. काळी, दोन कप्प्यांची.

२४ फेब्रुवारी
ठरवलं, की लॅपटॉपची वाट बघायची नाही. आठवून कागदावर लिहून काढायचं. चार ते सहा बसलो. विहीर. पण विहिरीचं काय झालं होतं? खोदली, आटली, की कोणी पडलं? खुर्ची कोणाची होती? खोलीत हवा खेळत नाही, त्यामुळे डोकं चालत नसावं.

२५ फेब्रुवारी, सकाळी ११.००
आजोबांच्या पेटीत आई कपडे भरत होती. आजोबा म्हणाले, साहेब, एक पान वाचून दाखवा, जाण्याआधी कानावर पडू दे. मी लॅपटॉप उघडला आणि मांजराकडे बघत वाचलं. माझा जन्म एका विहिरीजवळ झाला. ती विहीर फार खोल होती. विहिरीजवळच शाळा होती.

आजोबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, विहिरीजवळ झाला होय. छान.

आई हातातला सदरा तसाच धरून माझ्याकडे बघत होती. मी बॅगेची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

२६ फेब्रुवारी
आजोबा गेले आत्याकडे.

गाडीत बसवताना मी म्हणालो, छपाईला थोडा उशीर होतो आहे, पोस्टाने पाठवतो. त्यांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलले. चाळीस वर्षं मी कानांनी वाचलंय रे. पहिले दोन दिवस शब्द संपला की तुझी ती जागा सोडायची लांब पट्टी वाजायची. तिसऱ्या बैठकीपासून ती वाजलीच नाही, नुसती टपटप. आणि त्या दिवशी मी गप्प बसलो होतो, तेव्हाही तुझं लिहिणं चालूच होतं.

मी विचारलं, मग तुम्ही सांगत का राहिलात.

म्हणाले, सांगायचं मला होतं. लिहायचं तुला होतं.

ड्रायव्हरने गाडी चालू केली. आजोबा खिडकीतून म्हणाले, तुझ्या पेनाचा आवाज मात्र खरा असतो. रोज संध्याकाळी वहीत भरपूर लिहितोस. त्यात असेनच की मी.

मी हो म्हणालो.

२७ फेब्रुवारी
लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मांजराकडे बघितलं, मग माझ्याकडे. विचारलं, कधीपासून असा आहे. मी कालपासून म्हणालो. आतलं सगळं पुसून नवीन टाकून दिलं. चहा पिऊन होईपर्यंत झालंसुद्धा. हे चोवीस दिवसांपूर्वीही झालं असतं का, असं मी विचारलं नाही. बॅग चांगली आहे म्हणाला.

आईने विचारलं, नव्वद पानं निघाली का. मी म्हणालो, पुसली गेली. आई म्हणाली, काय होतं पुसायला? तिने आत्याला फोन केला आणि माणसं बोलावू नकोस असं सांगितलं. कारण सांगताना ती बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं.

२८ फेब्रुवारी, सकाळी १०.००
आजोबांना फोन केला. प्रवासाचं विचारलं, हॉस्पिटलचं विचारलं. मग विचारलं, आजोबा, ती तार, त्या दिवशी सांगितलीत ती, कोणाची होती?

या वेळी मी थांबलो. मग आजोबा म्हणाले, ती सांगून झाली रे.

आणि जेवलास का, असं विचारलं.

सायंकाळी ५.००
ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली. जन्म, विहीर, शाळा, लग्न, पूर, खुर्ची, एक, तार, महत्त्वाचं. आजोबा एकूण नऊ शब्द. त्यातला 'महत्त्वाचं' हा माझा. चार्जरला याच्या दुप्पट जागा दिलेली आहे.

लॅपटॉप आता उत्तम चालतो. मांजर गेलं. पासवर्ड मागत नाही. आजोबांची खुर्ची अजून टेबलापाशीच आहे, आईने हलवलेली नाही. नवीन कोरं पान उघडलं आणि टाइप केलं:

एक तार.

तासभर बसलो. पुन्हा तपासून पाहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.