बहुमतानं ठरलेलं शून्य

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आईचा गुडघा वळू लागला हे वाचून जिवात जीव आला. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस असं तिला सांग. बाबा गेल्याची बातमी फोनवर आली तेव्हापासून घंटा वाजली की तीच पांढरीफटक पडते, म्हणून तर आपण दोघी या जमान्यात शाईनं बोटं रंगवत बसतो.

हे पत्र शाळेच्या प्रयोगशाळेत बसून लिहिते आहे. शाळा सुटली की सगळे पळतात आणि मी इथंच वह्या तपासत बसते. माझ्या भाड्याच्या खोलीत दातावर दात आपटतात, इथं मात्र छान ऊब असते. तळघरात बॉयलर आहे आणि त्याच्या बरोबर डोक्यावर आमची ही तंत्रज्ञानाची खोली. यंदा इंधन वाचावं म्हणून मुख्याध्यापकांनी खिडक्यांच्या सगळ्या फटी रबराच्या पट्ट्यांनी बुजवून घेतल्या. आता टेबलावरचा कागदसुद्धा हलत नाही.

खरी बातमी पुढेच आहे. नववीच्या वर्गाला मी शिकवणं बंद केलं आहे! दचकू नकोस, पगार चालू आहे. विषय मुलांनी निवडायचा, वस्तू मुलांनी बनवायची, अडलं तर मुलांनीच सोडवायचं आणि भांडण झालं तर हात वर करून मतदान. मी नुसती खुर्चीत. कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, हा माझा मीच घालून घेतलेला नियम. पहिल्या आठवड्यात जीभ चावून चावून माझे हाल झाले. आता मुलं रुळली आहेत, आणि खरं सांगू, इतकी हुशार ती मला कधीच वाटली नव्हती.

विषय काय निवडला असेल? बाईंच्या तासाला सगळ्यांना झोप येते ती हवेमुळे की बाईंमुळे, हे शोधणारं यंत्र! वाईट हवा ओळखणारा सेन्सर, आकडा दाखवणारा छोटा पडदा आणि आकडा चढला की बोंबलणारा भोंगा, हे सगळं एका पुठ्ठ्याच्या पेटीत. गटाची म्होरकी एक मुलगी आहे, तिला वर्ग वकिलीण म्हणतो. प्रत्येक वाक्याला हरकत घेते. लहानपणची तूच जणू, फक्त वेण्या जरा नीट घातलेल्या.

डोकं मात्र हल्ली दुपारनंतर ठणकतं. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

आईला नमस्कार. माया आहेच, थंडीपुरती तीत थोडी भर घाल.

तुझी,
बबडी


ता. १० जानेवारी

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. न शिकवता पगार मिळत असेल तर तिच्या नावाचाही अर्ज घाल, असा तिचा निरोप आहे. मी म्हटलं, मीसुद्धा आमच्या बालरुग्णांच्या वॉर्डात हा प्रकार सुरू करते. नव्या नर्स मुलींना सांगते की बायांनो, सुई कुठं टोचायची ते तुमचं तुम्ही मतदानानं ठरवा. आई हसली, पण मग तिनं विचारलं की एखादं पोर खरंच चुकत असेल तर बबडी गप्प कशी बसते. तूच कळव.

तुझी डोकेदुखी मात्र मला आवडली नाही. चष्मा तपासून घे हे खरं, पण आधी एवढं सांग: रविवारीसुद्धा दुखतं का? आणि दुपारी डबा खातेस की वह्याच चघळतेस? मला सरळ उत्तर हवं आहे. तुझा तो नियम माझ्यावर चालवलास तर कान उपटायला तिकडे येईन.

आई तुझ्यासाठी लोकर घेऊन बसली आहे. काय विणते ते तिलाही अजून ठाऊक नाही.

पत्रांत खंड पाडू नकोस. आशीर्वादांना इकडे तोटा नाही.

तुझी,
ताई


ता. १७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घे सरळ उत्तर. रविवारी डोकं अजिबात दुखत नाही. म्हणजे मला शाळा नावाचा आजार झाला आहे, आणि त्यावर औषध तुमच्या हॉस्पिटलात नाही. मुलांचंही तेच. परवा तिघं मळमळतं म्हणून घरी गेली. दोघं बाकावर डोकं टेकून असे झोपले की हलवून उठवावं लागलं. कसली तरी साथ आहे म्हणतात.

पेटी तयार झाली! पहिल्यांदा चालू केली आणि जी बोंबलायला लागली ती थांबेचना. मुलांनी कानांवर हात दाबले, शेजारच्या वर्गाच्या बाई तावातावानं आल्या, मुख्याध्यापक स्वतः आले आणि हा कारखाना आवरा असं म्हणून गेले. मग गटाची बैठक बसली. सगळ्यांचं मत पडलं की सेन्सर स्वस्तातला आहे, उगाच कांगावा करतो. वकिलीण एकटी उभी राहिली. पेटी कदाचित खरं बोलत असेल, असं तिचं म्हणणं. मतदान झालं, आणि तिचा एक हात सोडला तर सगळे हात पेटीच्या विरुद्ध. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर आलं होतं काहीतरी, पण मी नियम पाळला. आईला सांग, गप्प बसते ती अशी.

मग मुलांनीच पेटी दुरुस्त केली. दोन दिवस तिच्यामागे लागले होते. आता पडद्यावर स्वच्छ शून्य असतं आणि भोंगा अगदी गरीब गाईसारखा गप्प. कुणाची मदत न घेता त्यांनी ते केलं याचा मला इतका अभिमान वाटला की मुख्याध्यापकांना ओढत आणून दाखवलं. त्यांनी लगेच २९ तारखेला प्रदर्शन ठरवलं, याच खोलीत, सगळ्या पालकांना बोलावून. थंडी फार आहे म्हणून त्या दिवशी बॉयलर पूर्ण ताकदीनं चालवणार आहेत.

खिडक्यांच्या फटी मुख्याध्यापकांनी रबराच्या पट्ट्यांनी बुजवून घेतल्या हे तुला लिहिलं का? टेबलावरचा कागदसुद्धा हलत नाही बघ.

आईच्या विणकामाला शुभेच्छा. धाकटीवर राग धरू नये, माया मात्र धरावी.

तुझी,
बबडी


ता. २२ जानेवारी

चि. बबडीस,
अ. उ. आ.

या वेळी पत्र आईला पूर्ण वाचून दाखवलं नाही. पट्ट्यांची बातमी तू मागच्याच पत्रात दिली होतीस, जवळजवळ त्याच शब्दांत. तू आणि एक गोष्ट दोनदा सांगणार? एकदा सांगायचाही तुला कंटाळा.

रविवारी डोकं दुखत नाही, मुलांना मळमळतं, झोप येते. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिली शंका त्या खोलीतल्या हवेचीच आली होती. खाली बॉयलर, वर बंद खिडक्या. बॉयलरच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला रंग नाही की वास नाही. पण तुमची पेटी त्याच खोलीत शून्य दाखवते आहे, मग ती शंका मी सोडून दिली. यंत्रातलं मला कळत नाही, तुझ्या मुलांना कळतं. तेव्हा रक्त तपासून घे, लोह कमी असेल. साथ असेल तर पाणी उकळून पी.

तरीही माझं ऐक, एखादी खिडकी उघड. पट्टी फाटली तर फाटू दे, मुख्याध्यापकांना माझं नाव सांग. आणि पेटी दुरुस्त केली म्हणजे मुलांनी नेमकं काय केलं, ते लिही. उगाच मनाला चाटून गेलं म्हणून विचारते.

आई रोज तुझं पत्र आलं का विचारते. आमचा जीव तुझ्यात अडकला आहे हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


ता. २७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर लागत नसेल तर समजून घे. आज हात जरा जड झाला आहे. प्रयोगशाळेतच बसले आहे, खुर्च्या मांडायच्या आहेत, पण उठवत नाही. खिडकी उघडायची राहिली. उद्या उघडते. प्रदर्शन झालं की उघडते.

पेटीचं तू काय विचारलं होतंस? हां, दुरुस्ती. सोपी आहे. यंत्राला कुठली हवा चांगली ते एकदा सांगावं लागतं, मग तिथून पुढे ते मोजतं. पेटी सारखी बोंबलत होती, म्हणून मुलांनी तिला सांगून टाकलं की आमच्या खोलीत आत्ता जी हवा आहे तेच तुझं शून्य. झालं, ती गप्प. डोकं आहे की नाही पोरांना?

परवा गंमतच झाली. पेटी मैदानात नेली तर आकडा शून्याच्या खाली गेला! मुलं लोळून लोळून हसली, म्हणे आपलं मैदान गरजेपेक्षा जास्त स्वच्छ आहे. वकिलीण तेवढी हसली नाही. शाळा सुटल्यावर माझ्याकडे आली. शून्याच्या खाली हवा असूच कशी शकते, असं विचारत होती. तिनं स्वतःची वेगळी पेटी बनवली आहे, तिचं शून्य मैदानात लावणार म्हणते. फार वेळ बोलत होती, माझं डोकं फुटत होतं. मी तिला म्हटलं, तक्रार नको, कारण शोधून आण. खोलीत काही येत असेल तर ते कुठून येतं ते तूच शोध, मला सांगू नकोस. ती बरं म्हणून गेली.

परवा प्रदर्शन आहे. यंदा इंधन वाचावं म्हणून मुख्याध्यापकांनी खिडक्यांच्या फटी बुजवून घेतल्या आहेत, त्यामुळे पालकांना थंडी वाजणार नाही. हे तुला लिहायचं राहिलं होतं.

आईला सांग मी बरी आहे. माया असू दे.

बबडी


ता. २९ जानेवारी, दुपार

चि. बबडीस,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. पोरांनी विषारी हवेलाच शून्य ठरवलं आहे, बबडी! पेटी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, आणि तिचं तोंड बंद केलंत तुम्ही. मी इथं लोहाच्या गोळ्या सांगत बसले.

आईसमोरच शाळेत फोन लावला. ती पांढरीफटक पडली पण हलली नाही, मला म्हणाली वाजवत राहा. कितीतरी वेळ कुणी उचलेना. शेवटी तुमच्या कारकुनानं उचलला. प्रदर्शन रंगात आलं आहे, नंतर करा, म्हणत होता. मी वॉर्डात कधी ओरडले नसेन एवढी ओरडले. मी नर्स आहे, त्या खोलीत विषारी वायू आहे, सगळ्यांना मैदानात काढा, एक माणूस आत ठेवू नका. त्यानं रिसीव्हर टेबलावर टाकला. त्याची धावती पावलं ऐकू आली, मग घंटा, मग पुष्कळ पायांचा आवाज. मग काहीच नाही. तो परत आला नाही.

आम्ही दोघी फोनजवळ बसलो आहोत. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहिते आहे. रजा मिळाली आहे, संध्याकाळच्या गाडीनं निघते. हे पत्र टपालात न टाकता बरोबरच आणते. वाचायला तू असशील ना गं?

ताई


ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून खोली फार मोठी वाटते. तू केलेलं सूप दोन दिवस पुरवून प्यायले. डोकं आता दुखत नाही आणि हात पूर्वीसारखा चालतो, ते अक्षरावरून तुला दिसलंच असेल.

तू इथं होतीस तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून आज सगळं लिहिते. घंटा झाली आणि आम्ही सगळे बाहेर आलो. पालकांपैकी एकदोघांना मैदानातच उलट्या झाल्या, पण मोकळ्या हवेत सगळे सावरले. मुलांनी आपणहून आपापला गट मोजला. वकिलीण नव्हती. स्वतःची पेटी घेऊन ती प्रदर्शनातून केव्हाच उठून गेली होती. खोलीतल्या भिंतीकडच्या कपाटामागे आकडा चढतो हे तिला आधीच कळलं होतं, तिच्या वहीत तसं लिहिलेलं सापडलं. त्याच्यामागून बॉयलरच्या धुराड्याचा नळ जातो आणि तो सांध्यात निखळला होता. तेवढ्यावर थांबली असती तरी कारण सापडलंच होतं. पण ती आकड्याच्या मागोमाग तळघरात उतरली. खाली बॉयलरवाले काका असतात, त्यांनी तिला हटकलं असतं. पण खुर्च्या कमी पडल्या म्हणून मीच त्यांना वर बोलावून घेतलं होतं. ती जिन्याच्या तळाशी सापडली. पेटी छातीशी धरलेली, आणि भोंगा चालूच होता. वर आमच्या टाळ्यांत तो कुणालाही ऐकू आला नाही.

काल तिनं डोळे उघडले. पण नजर ठरत नाही, आईला ओळखत नाही. डॉक्टर म्हणतात वाट पाहायची. तू अशी मुलं वॉर्डात पाहिली आहेस, म्हणून विचारते. मला खरं काय ते लिही, खोटा धीर देऊ नकोस.

नियमाचं खापर मी कुणावर फोडणार? तुझी शंका बरोबर होती, तिची बरोबर होती. वर्गात एका मुलीचा हात वर होता आणि मोठं माणूस म्हणून तिथं मी एकटीच होते. तिच्या प्रश्नाचं उत्तर मलाही माहीत नाही, एवढं सांगितलं असतं तरी आम्ही दोघींनी मिळून कुणाला तरी विचारलं असतं. पण मी गप्प बसले आणि त्याला शिकवणं म्हणत राहिले.

आज तिच्या आईला भेटायला मनाची तयारी करून गेले. ती मला दारातून हाकलून देईल असं वाटलं होतं, आणि ते मला हवंही होतं. तिनं मला खुर्ची दिली. म्हणाली, प्रदर्शनाच्या थोडे दिवस आधी शाळेतून आल्यावर पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. घरात सगळ्यांना सांगत सुटली होती की बाईंनी पूर्ण वर्गातून मलाच निवडलं, हे अवघड काम माझ्या एकटीवर सोपवलं, बाईंचा माझ्यावर फार विश्वास आहे.

डोकं फुटत होतं म्हणून मी तिला नुसतं कटवलं होतं, ताई. हे तिच्या आईला कसं सांगू? तुझी माया आत्ता फार लागते आहे, ती आवरून घेऊ नकोस.

तुझी,
बबडी