बुडीत खात्यांची कोरडी यादी

ती. मामांना,

नमस्कार (वाकून केला आहे असं समजावं). गुडघा कसा आहे? तिकडे तुमची लेक, आमची ताई, जिने चढायला लावत नाही ना? इकडे मामी ठीक आहे, गाद्यांचं दुकानही ती बघते.

जी जमीन कर्ज फिटायच्या आधीच पाण्याखाली जाईल, ती तारण धरावी का? मला उत्तर येत नाही. आणि नदीकाठच्या गोदामासाठी तुम्ही आणि मामीने केलेला कर्जाचा अर्ज आमच्याच बँकेच्या शाखेत आहे, म्हणून मला झोप नाही. गाद्यांना जागा हवी, हे कळतं. पण आधी माझे प्रताप ऐका. बाहेरून कळण्यापेक्षा बरं.

गेल्या महिन्यात साहेब म्हणाले, "बुडीत खात्यांची यादी करा." म्हणजे हप्ते थकवणाऱ्यांची. पण मी नुकतीच हवामानबदलाने बँकांना होणाऱ्या धोक्यांचं प्रशिक्षण घेऊन आले होते (घरातली पहिली पदवीधर, डोक्यात हवा जाणारच). मी पुराचे नकाशे काढले, नदीकाठ पालथा घातला आणि पुढेमागे बुडतील अशी सगळी तारण घरं लिहून दिली. त्यात वेळेवर हप्ते भरणारे डॉक्टर होते, साहेबांचे सासरेही होते. साहेबांनी न वाचता सही ठोकली. वरच्या कचेरीला वाटलं, निम्मी शाखा बुडाली. बातमी फुटली आणि सकाळी दारात पैसे काढायला ही रांग. मी स्टुलावर चढून समजावलं, "घाबरू नका, बँक बुडत नाहीये. तुमची घरं बुडणार आहेत." याने कोणालाच धीर आला नाही. एक आजी म्हणाल्या, "अगं, मग तर आधी पैसे काढायला हवेत." मला ते पटलं आणि मी मान डोलावली. साहेबांनी मला खाली उतरवलं.

पुढे वरून तपासनीस आले. यादी वाचून म्हणाले, "शब्द चुकलाय, यादी नाही." तेव्हापासून नदीकाठच्या अर्जांवर माझा शेरा लागतो.

तुमची भाची

ता. क. नात्यातल्या अर्जावर मी शेरा द्यायचा नाही, असा नियम आहे. तुमचा अर्ज साहेबांकडे गेला आणि ते मंजूर करणार होते. (माझ्या कॉलेजची फी तुम्ही भरलीत, हे मीच त्यांना कौतुकाने सांगून बसले होते.)

पुन्हा ता. क. शाळेमागे, चढावर, एक गोदाम रिकामं आहे. आल्यावर बघाल का? मामीला आवडलं. एका अर्जदाराने सही मागे घेतली की अर्ज बंद होतो. तिने काल मागे घेतली. कागद मीच घेऊन गेले होते.