नातीपर्यंतचे चार मजले

२ फेब्रुवारी, सकाळ
मी आजी होणार. असं कागदावर लिहून बघितलं, छान दिसतं. लेकीला आठवा लागला. त्या आनंदात चहात दोन चमचे साखर घातली. ती शेवटची. आजपासून साखर बंद.

अडचण एकच. लेक राहते चौथ्या मजल्यावर. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही, तिथे लोक सायकली ठेवतात. मागे गेले होते तेव्हा अर्ध्या वाटेत मला घेरी आली. मग जावयांनी आणि विहीणबाईंनी दोन बाजूंनी धरून मला वर नेलं, कपाट नेतात तसं. विहीणबाई अंगाने काडी, पण वरची बाजू त्यांनी धरली होती. हे मी विसरलेले नाही.

काल लेक फोनवर म्हणाली, आई, घर केवढंसं आहे, बाळाजवळ एकच बाई राहू शकेल. तू आपल्या पायांनी चढून आलीस तर तूच राहा. नाहीतर सासूबाई आहेतच.

आहेतच म्हणाली. तेव्हापासून घास उतरत नाही. वजनाच्या दृष्टीने ते बरंच आहे म्हणा.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
उपाय सापडला. सिरियलमधली ती जाडी मुलगी, तिची आज ऑफिसात सगळ्यांसमोर खुर्ची मोडली. सगळे हसले. तिने डोळे पुसले, केस वर बांधले आणि रस्त्यावर पळत सुटली. मागे गाणं. गाणं संपलं तेव्हा सडपातळ. घामसुद्धा फक्त कपाळावर, तोही बेताचा.

सून म्हणाली, आई, मधे सहा महिने गेले असं समजायचं असतं. मी म्हटलं, मग बूट तेच कसे?

मार्चअखेर बाळंतपण आहे. म्हणजे माझ्याकडे कितीतरी गाणी आहेत.

४ फेब्रुवारी
गुडघ्याच्या डॉक्टरांनी व्यायामवाल्या बाईंकडे पाठवलं. पोरसवदा आहे, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. आधी वजन केलं. आकडा ऐकून सुनेने दुसरीकडे बघितलं. मग बाई म्हणाल्या, आजी, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि परत बसायचं. रोज घराभोवती थोडं चालायचं, बोलता येईल इतपत. भात निम्मा, डाळ आणि अंडं जास्त. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ.

विचारलं, आणि पळायचं कधीपासून? म्हणाल्या, पळायचं नाही.

एवढं शिकून खुर्चीवरून उठायला सांगतात. न उठता मी राहते कुठे? बोलता येईल इतपत चाला म्हणे. मला कधी बोलता येत नाही?

९ फेब्रुवारी
मुलाने वजनकाटा आणला, बाथरूममध्ये ठेवलाय. वर उभं राहिलं की डुगडुगतो. या वयात पडून कसं चालेल, म्हणून बेसिनला धरून उभी राहिले. बाईंच्या काट्यापेक्षा तीन किलो कमी. खुर्चीचा व्यायाम न करता.

कुणाला सांगितलं नाही. आधी बोललं की बिघडतं.

१३ फेब्रुवारी
साखर बंद आहे. बिस्किटं बंद आहेत. मोडकं बिस्कीट मी धरत नाही, त्याला बिस्कीट म्हणतच नाहीत, तो चुरा.

सुनेने विचारलं, आई, आपल्याच डब्यात सगळी बिस्किटं मोडकी कशी निघतात? म्हटलं, हल्ली मालच तसा येतो.

१७ फेब्रुवारी
आज काट्यावर दोन्ही हातांनी बेसिन धरलं, आणखी दोन किलो गेले. मला वाटतं आनंदाने जातात. बाळाचा विचार केला की अंग हलकं होतंच. मात्र कपडे दंडात घट्ट व्हायला लागलेत. सुनेला सांगितलं, मशीनमध्ये गरम पाणी घालत जाऊ नकोस, कापड आटतं. म्हणाली, माझे नाही आटत.

जीभ फार चालते पोरीची. पण अंडं रोज तीच सोलून देते.

लेकीला कळवलं, पाच किलो उतरले. एवढी खूश झाली की मी साडेपाच म्हणायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी, दुपार
लेकीचा फोन. पाय सुजलेत, ब्लडप्रेशर वर गेलंय. डॉक्टर म्हणाल्या, थोडं आधीही होऊ शकतं. आवाज बारीक झाला होता तिचा. पहिलीला बसवून आले तेव्हा वर्गाच्या खिडकीतून आला होता तसा.

म्हणाली, आई, तू येशील ना? मी विचारलं, तिथे आत्ता कोण आहे? म्हणाली, सासूबाईंनी त्यांची गादी आणून ठेवलीय.

गादी. माणूस चार दिवसांसाठी गादी आणत नाही.

आता खुर्ची-बिर्ची पुरे. उद्यापासून पळणार.

२५ फेब्रुवारी, सकाळ
केस वर बांधले. मुलाचे बूट घातले, पुढे कापूस कोंबला. गाणं मनातल्या मनात. फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत पळाले. दूधवाल्याने सायकल थांबवली आणि विचारलं, काकू, घरी काही झालंय का, कुणाला बोलावू? म्हटलं, व्यायाम चाललाय. तो खांबापर्यंत माझ्यासोबत चालला. चालतच होता, तरी माझ्या पुढे.

खांबाशी गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ
गुडघा उशीएवढा. सुनेने बर्फ बांधला. मग बूट मुलाच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुलगा म्हणाला, आई, सिरियलमधली पळते तेव्हा पुढे गाडीत कॅमेरा असतो, दोन पावलं झाली की तिला बसवतात. मी म्हटलं, मलाही कुणी बसवलं असतं तर बरं झालं असतं.

फोन उशाशी ठेवलाय. वाजला की आधी नाव बघते. तिला कळा सुरू झाल्या आणि मी अशी पडलेली, तर?

५ मार्च
सूज उतरली. बाईंकडे गेले. त्यांचा काटा खोलीच्या मधोमध, धरायला काही नाही. वजन पहिल्यापेक्षा एक किलो जास्त.

सांगितलं, तुमचा काटा बिघडलाय, घरी पाच किलो कमी भरतं. बाईंनी विचारलं, घरी उभ्या कशा राहता? म्हटलं, चारचौघं राहतात तशी, बेसिनला धरून. बाई बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिल्या. सून खिडकीबाहेर बघत होती, तिचे खांदे हलत होते.

मग बाई हळू म्हणाल्या, आजी, धरल्यावर तेवढं वजन बेसिन उचलतं. असेल. पण मग बेसिनला सोसतं ते माझ्या गुडघ्याला का सोसू नये?

१० मार्च
सुनेने समोर उभं राहून खुर्चीचा व्यायाम करायला लावला. हात छातीवर घ्या म्हणाली. घेतले. उठले नाही. परत केलं. उठले नाही.

इतकी वर्षं मी उठते ती हात टेकून, हे माहीतच नव्हतं. खुर्ची जरा खोल आहे म्हणा. खाली दोन उशा घातल्या तेव्हा एकदा उठले. सून टाळ्या वाजवायला लागली. तिला म्हटलं, हसू नकोस. म्हणाली, हसत नाहीये, आई. खरंच नव्हती हसत.

१६ मार्च
आता एकच उशी. चालणं रोज, खांबापर्यंत, दूधवाला नसतो त्या वेळी. आमच्या दारासमोर तीन पायऱ्या आहेत, त्या चढते-उतरते. चढताना धाप लागते, उतरताना लागत नाही. म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे.

लेकीने फोनवर विचारलं, किती उतरले आता? म्हटलं, आकड्यात अडकू नये. तिच्या बाजूला विहीणबाई कुणाला तरी सांगत होत्या, पाणी उकळून ठेवलंय.

१९ मार्च
नात झाली. दोघी सुखरूप. मी देवासमोर बसले ती सुनेने उठवेपर्यंत बसले. लेकीला फोनवर बोलवत नव्हतं, मलाही नाही, दोघी नुसत्या फोन धरून होतो. मग म्हणाली, चार दिवसांनी घरी सोडतील. आई, जमेल ना तुला?

म्हटलं, उडत येते.

२३ मार्च
पिशवी भरून गेले. कपडे दोन महिन्यांचे. मुलगा म्हणाला, मी हात देतो. म्हटलं, तू पिशवी घे आणि पुढे हो. मला आपल्या पायांनी जायचंय.

पहिला मजला झाला. कठडा धरून, पण झाला. थांबले नाही, तिथेच चुकलं. दुसऱ्याला जाताना पाय माझे राहिले नाहीत. शेवटच्या पायरीवर डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी भिंतीला पाठ लावून खाली बसले, कुणाच्या तरी चपलांच्या स्टँडशेजारी.

वरून चपलांचा आवाज. विहीणबाई. एका हातात खुर्ची, एका हातात पाण्याचा तांब्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः पायरीवर टेकल्या. म्हणाल्या, विहीणबाई, मी पण आले त्या दिवशी इथेच बसले होते. खोटं बोलत होत्या. इतकं नीट खोटं मलाही जमत नाही.

मग जावई बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून खाली घेऊन आले. माझ्या मांडीवर ठेवलं. कपाळ लेकीचं. मूठ माझ्या बोटाभोवती. मी सगळं सांगितलं तिला, आवाज न करता. ती भुकेने रडायला लागली तेव्हा जावई घेऊन वर गेले. विहीणबाई मागोमाग गेल्या, दुपट्याचं टोक सावरत. जाताना म्हणाल्या, दम घ्या, घाई नाही, मी आहे.

माझी पिशवी मुलाने वर नेऊन ठेवली होती. ती परत खाली आणायला तो गेला.

एकटी बसले होते तेव्हा शेजारचं दार उघडलं. आतल्या बाईंनी मला बघितलं, खुर्ची बघितली, विचारलं, कुणाकडे आलात?

म्हटलं, चौथ्या मजल्यावर, नातीकडे.

म्हणाल्या, हा दुसरा मजला आहे, आजी.

म्हटलं, हो, माहीत आहे मला.